फोटोत न मावणारं स्टेशन

पुणे-मिरज मार्गाचं दुहेरीकरण होत आलं, डोक्यावरून विजेच्या तारा गेल्या आणि वाटेतली लहान स्टेशनं एकेक करून रूप बदलायला लागली. तेव्हापासून आमच्या सांगली-साताऱ्याकडे एक वाद पेटलेला आहे. एका बाजूचे लोक जुन्या स्टेशनांचे फोटो फिरवतात: मंगलोरी कौलं, पिवळ्या पाटीवर तीन भाषांत लिहिलेलं नाव, कडुनिंबाखालचं दगडी बाक, पहिल्या पावसात ओला झालेला रिकामा फलाट. खाली एक ओळ असते, की हे सगळं आता जाणार. दुसऱ्या बाजूचे लोक नव्या प्रवेशद्वारांची चित्रं टाकतात. त्यात काच असते, दिवे असतात, सरकता जिना असतो, आणि वर प्रश्न असतो, की तुम्हाला काय जन्मभर बैलगाडीतच बसायचंय का? दोन्हीकडची माणसं मनापासून बोलतात. पण हा सगळा वाद चित्रावरून चाललाय, जुनं चित्र चांगलं की नवं चांगलं, एवढाच. हातात पिशवी घेऊन गाडीची वाट बघणारं माणूस या दोन्ही चित्रांत कुठंच दिसत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. लहान स्टेशनची आपल्याला जी ओढ वाटते, ती कौलांमुळं नव्हे. तिकिटापलीकडे एक पैसाही न खर्चता कुणालाही तिथं तासभर बसता येतं, आणि ‘इथं का बसलात’ असं कुणी विचारत नाही, त्यामुळं ती वाटते. सावली, पाणी, बाक, गावातून पायी येणारी वाट आणि तिथं थांबणारी गाडी. या पाच गोष्टी शाबूत असल्या तर इमारत दगडाची असो की काचेची, स्टेशन देखणंच वाटतं. त्या गेल्या, तर जपून ठेवलेल्या दगडी इमारतीलाही काही अर्थ उरत नाही. म्हणून स्टेशनं बदलावीत, जरूर बदलावीत. फक्त या पाच गोष्टींचा हिशेब आधी मांडावा आणि रंग कोणता द्यायचा ते नंतर ठरवावं.

पलूस तालुक्यातल्या आमच्या गावातून मी पॅसेंजरनं सांगलीच्या विश्रामबागेतल्या विलिंग्डन कॉलेजात शिकायला यायचे, आणि पुढं नोकरीही विश्रामबागेतच लागल्यामुळं तीच गाडी, तोच डबा कितीतरी वर्षं चालला. आमच्या गावच्या स्टेशनवर रुळाचा एक तुकडा तारेनं टांगलेला होता. गाडी मागच्या स्टेशनवरून सुटली की पोर्टर त्यावर लोखंडी कांबीनं ठोके द्यायचा. तो आवाज गावात ऐकू जायचा, आणि तो ऐकून माणसं घरातून निघायची. चहा अर्धवट ठेवून निघालं तरी गाडी सापडायची. फलाटाच्या कडेला कडुनिंब, त्याच्याभोवती पार, पारावर मेथीच्या आणि वांग्यांच्या पाट्या. नळाला साखळीनं बांधलेला पितळी पेला होता. पाणी उन्हाळ्यातही गार, कारण टाकी झाडाखाली होती. सकाळच्या गाडीला शाळेची पोरं, सिव्हिलला निघालेले पेशंट, कोर्टाच्या तारखेला निघालेले शेतकरी आणि सांगलीच्या बाजाराला निघालेल्या बायका एकाच बाकावर बसायच्या. गावात या सगळ्यांना एका ठिकाणी बसवणारी दुसरी जागा नव्हती. देवळातही नव्हती.

विश्रामबागेचं स्टेशन याहून वेगळं. सांगली आणि मिरज या दोन जुन्या गावांच्या मधोमध वाढलेलं ते उपनगर. 1919 साली तिथं विलिंग्डन आलं, 1947 मध्ये वालचंद, आणि पलीकडे वानलेसवाडी, मिरजेत 1894 साली मिशन इस्पितळ सुरू करणाऱ्या डॉक्टर विल्यम वानलेस यांच्या नावाची. म्हणजे या दोन-तीन मैलांत शिकायला आलेली पोरं आणि बरं व्हायला आलेली माणसं यांचीच वस्ती. संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर आम्ही रुळांकडे तोंड करून बसायचो. शेजारच्या बाकावर निवृत्त मंडळी ठरलेल्या वेळी यायची. त्यांना कुठंही जायचं नसायचं. कोयना एक्स्प्रेस न थांबता धडधडत निघून जायची, तिचे डबे ते मोजायचे, आणि गाडी वेळेवर आहे की उशिरा यावर पाच मिनिटं बोलून घरी जायचे. त्यांच्या घरच्यांना विचारा, त्या पाच मिनिटांची किंमत काय होती.

लहान स्टेशनभोवती काय काय उगवतं, याचे दाखले याच मार्गावर ठायी ठायी आहेत. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावं लागलं, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना माळरान दिलं ते कुंडल रोड स्टेशनजवळचं. तिथं निवडुंग उपटून कारखाना आणि वसाहत उभी राहिली, आणि पुढं स्टेशनच किर्लोस्करवाडी झालं. 1939 साली भास्कर गणेश चितळ्यांनी भिलवडीत दुधाचा धंदा मांडला, कारण शेजारी कृष्णा आणि दारात रेल्वे. आज तिथल्या वस्तीचं नावच ‘भिलवडी स्टेशन’ आहे. कोरेगाव तालुक्यात ‘सातारा रोड’ हे असंच रेल्वेनं दिलेलं नाव गावाला चिकटलं. आणि सांगलीत तर ‘स्टेशन चौक’ आहे, जिथं आता स्टेशनच नाही. 1907 मध्ये सांगली संस्थानानं मिरजेपासून गावापर्यंत आपली छोटी शाखा आणली होती. रूळ रुंद झाले, मार्ग बदलला, जुनं स्टेशन गेलं; तरी परगावचा पाहुणा ‘स्टेशनला सोडा’ म्हणाला की रिक्षावाला आजही विचारतो, स्टेशन की स्टेशन चौक? अर्ध्या शतकानंतरही गावाच्या जिभेवरून जे नाव उतरत नाही, त्या जागेनं गावाला नुसत्या गाड्याच दिल्या होत्या काय?

आता विरुद्ध बाजू. ती कच्ची नाही, आणि जुन्या फोटोंवाल्यांनी तिला कधी नीट उत्तर दिलेलं नाही. एकेरी मार्गावर आमची पॅसेंजर क्रॉसिंगला पाऊण पाऊण तास उभी राहायची. तेवढ्या वेळात खाली उतरून चहा प्यायचा, हरभऱ्याचे घाटे सोलत गप्पा मारायच्या, ही आमच्या आठवणीतली गंमत. पण त्याच गाडीत पुण्याला तपासणीला निघालेला हृदयरोगी असायचा, आणि इंटरव्ह्यूला निघालेला मुलगा घड्याळाकडे बघत असायचा. आमच्या रमतगमत चहाची किंमत त्यांनी मोजली. दुसरा रूळ टाकायचा तर जमीन लागते, आणि जुन्या फलाटाचं झाड, पार, कधी इमारतही त्या जमिनीत येते. हे मान्यच करायला हवं. दुसरी गोष्ट स्वच्छतागृहाची. आमच्या स्टेशनवर बायकांसाठी जे काही होतं त्याचं दार लागत नसे. सकाळी घरून निघाल्यापासून विश्रामबागेला पोचेपर्यंत आम्ही मुली पाणी प्यायचो नाही. तो पितळी पेला मी वर एवढ्या प्रेमानं सांगितला, पण त्यातून पाणी प्यायची हिंमत मला परतीच्या वाटेवरच व्हायची. गुडघे गेलेल्या माणसाला रूळ ओलांडून पलीकडच्या फलाटावर जाता येत नाही, त्याला लिफ्टच हवी. 6 ऑगस्ट 2023 रोजी देशातल्या 508 स्टेशनांच्या पुनर्विकासाची पायाभरणी एकाच दिवशी झाली, तेव्हा अनेक घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना खरोखर बरं वाटलं असणार. त्यांना ‘विकासाचे भाट’ म्हणून उडवून लावणं मला पटत नाही.

पण जुन्याच्या प्रेमात पडलेल्यांपुढं मला याहून मोठा प्रश्न ठेवायचा आहे, आणि तोही याच मार्गावरचा. 1901 साल. साताऱ्याहून चार मुलं गाडीत बसली. एक भीमराव, एक त्यांचे भाऊ आणि दोन भाचे. वडील गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते आणि त्यांनी मुलांना सुट्टीत बोलावलं होतं. जवळचं स्टेशन मसूर. संध्याकाळी पाचच्या सुमारास मुलं तिथं उतरली. नवे कपडे, डोळ्यांत कौतुक. न्यायला कुणी आलं नव्हतं. बाकीचे प्रवासी निघून गेले आणि फलाटावर ही चारच मुलं उरली. स्टेशनमास्तरांनी चौकशी केली. मुलांचे कपडे बघून त्यांना वाटलं ब्राह्मणाची मुलं असतील. मुलांनी आपण महार असल्याचं सांगितलं आणि मास्तरांचा चेहराच बदलला. ते आपल्या खोलीत निघून गेले. बैलगाडीवाले दुप्पट भाडं देऊनही न्यायला तयार होईनात. शेवटी एकजण कबूल झाला तो या अटीवर, की गाडी मुलांनी हाकायची आणि तो शेजारून चालणार. त्या रात्री मुलांजवळ अन्न होतं, पण प्यायला कुणी पाणी दिलं नाही. डॉ. आंबेडकरांनी स्वतः हे लिहून ठेवलं आहे. मसूर आजही पुणे-मिरज मार्गावरचं स्टेशन आहे, आमच्या पॅसेंजरच्या वेळापत्रकातलं. मग त्या काळच्या शांत, रम्य, झाडांनी वेढलेल्या फलाटाचं कौतुक करताना विचारायला नको का, की ती शांतता कुणासाठी होती?

ही लाइन मुळात आपल्यासाठी टाकलीच नव्हती. राज्य चालवायला, फौज आणि माल हलवायला ती आली. 7 जून 1943 रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं शेणोलीजवळ याच मार्गावर गाडी अडवून इंग्रज सरकारचा पगाराचा पैसा ताब्यात घेतला, तेव्हा त्या तरुणांच्या लेखी ती गाडी परक्यांचीच होती. ती आपली झाली ती पुढं, हळूहळू, वापरून वापरून. आमच्या बाकावर शेतकरी, पेशंट, विद्यार्थिनी आणि भाजीवाल्या एकत्र बसत होत्या म्हणून मी सांगितलं, ते 1901 मध्ये शक्य नव्हतं. ते घडवायला मोठा लढा द्यावा लागला, आणि ते घडलं तिथून पुढं ते स्टेशन देखणं झालं. म्हणून ‘जुनं होतं तसं ठेवा’ हे मला मान्य नाही. मसूरच्या फलाटावरच्या त्या चार मुलांना आज तिथं बसायला, पाणी प्यायला आणि पुढं जायला मिळेल का, हा माझा निकष आहे. तो मी जुन्या स्टेशनला लावते, आणि नव्यालाही लावणार.

नव्याला लावला की काय दिसतं ते सांगते. गेल्या एप्रिलमध्ये मी आमच्याच बाजूच्या एका नव्यानं उभारलेल्या फलाटावर अकराच्या गाडीची वाट बघत होते. फलाट उंच, सरळ, स्वच्छ. गाडीत चढायला फार सोयीचा. शेड मधोमध, दोन डब्यांच्या लांबीची असेल, तिच्याखाली जागा कधीच भरून गेलेली. बाकी सगळा फलाट उघडा. आणि त्या उघड्या फलाटावर माणसं एकामागं एक रांगेत उभी. आधी मला वाटलं तिकिटाची रांग. जवळ गेल्यावर कळलं, ती विजेच्या खांबाच्या सावलीत उभी होती. खांबाची सावली वीतभर रुंद, तेवढ्यात आठ माणसं. ऊन सरकेल तशी रांग सरकत होती. सगळ्यात शेवटी एक गरोदर बाई होती, तिच्यापर्यंत सावली पोचत नव्हती. पुढच्या माणसानं तिला आपली जागा दिली. नळ होते, चांगले स्टीलचे, पण उन्हात. पाणी हाताला चटके देत होतं. आता कुणी मला सांगावं, या स्टेशनवर खर्च कमी झाला होता का? सावलीचा विचार करायला जास्तीचा पैसा लागत होता, की नकाशा काढणाऱ्यानं एकदा अकरा वाजता तिथं उभं राहणं लागत होतं?

पाच गोष्टींतली शेवटची गोष्ट म्हणजे थांबणारी गाडी. तिच्याबद्दल जुन्या फोटोंवाले बोलत नाहीत आणि नव्या चित्रांवालेही बोलत नाहीत. मार्च 2020 मध्ये गाड्या बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा पॅसेंजर नावालाच पॅसेंजर राहिली आणि किमान भाडं 10 रुपयांचं 30 झालं. ते पुन्हा 10 वर आलं फेब्रुवारी 2024 च्या शेवटी. म्हणजे तीनेक वर्षं एका स्टेशनवरून पुढच्या स्टेशनवर जाणाऱ्या भाजीवालीनं तिप्पट पैसे मोजले किंवा येणं सोडलं. त्या काळात तुमच्या व्हॉट्सॲपवर किती निषेध आला? कौलं उतरली की आपण हळहळतो. गाडीचा थांबा गेला तर त्याचा फोटोच निघत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये कोल्हापूर-पुणे वंदे भारत सुरू झाली, ती मिरज, सांगली, किर्लोस्करवाडी, कराड आणि सातारा इथं थांबते. चांगलं झालं, मीही तिनं गेले आहे. पण मधल्या ताकारी, भवानीनगर, आमणापूर, नांद्रे या स्टेशनांना मुख्य आधार पॅसेंजरचाच. ती वेळेत आणि रोज धावली तरच त्यांच्या नव्या इमारतींचा कुणाला तरी उपयोग.

यावर एक उत्तर नेहमी येतं, की बाई, स्टेशन म्हणजे गाडीत बसायची जागा, तिथं समाजसेवा कशाला शोधता? मला मिरजेचे खाँसाहेब आठवतात. अब्दुल करीम खाँ 27 ऑक्टोबर 1937 रोजी मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत बरं वाटेना, म्हणून सिंगपेरुमाळकोविल नावाच्या एका लहानशा स्टेशनवर उतरले. फलाटावर अंथरूण घातलं गेलं, आणि तिथंच त्यांनी देह ठेवला. पुढं मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांना माती दिली. किराणा घराण्याच्या त्या सुराला शेवटी टेकायला एक अनोळखी फलाट मिळाला. त्या रात्री तिथं ‘तिकीट कुठलं, पुढं व्हा’ म्हणणारा सुरक्षारक्षक असता तर? प्रवासात माणूस आजारी पडतो, चुकतो, अडकतो, बाळाला पाजतो, रडतो. गाडीत बसण्याआधीचं हे सगळं स्टेशनवरच होणार. त्यासाठी जागा ठेवणं ही समाजसेवा कशी? ते स्टेशनचं कामच आहे.

दुसरा दाखला मिरजेचाच, आणि तो तर आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेला. एप्रिल 2016 मध्ये लातूर तहानेनं व्याकूळ झालं होतं. मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या फेरीला 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. पुढं 50 वाघिणींची गाडी, 25 लाख लिटर. हे पाणी कृष्णेचं, आणि सुरुवातीला ते भरलं गेलं मिरज स्टेशनजवळच्या जुन्या हैदरखान विहिरीवरून, रेल्वेच्या स्वतःच्या पाणीव्यवस्थेतून. वाफेची इंजिनं जाऊन किती वर्षं झाली होती! कुणी हिशेबनिसानं आधीच म्हटलं असतं, की आता या विहिरीचं काय काम, बुजवा आणि पार्किंग करा, तर ते कागदावर बिनचूकच दिसलं असतं. स्टेशनच्या आवारातली कोणती गोष्ट निरुपयोगी, हे ठरवायची घाई करू नये, एवढं तरी त्या उन्हाळ्यानं आपल्याला शिकवायला हवं होतं. आणि जुनं राखून नवं करता येत नाही म्हणणाऱ्यांना मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस दाखवावं. 2004 पासून ते जागतिक वारसा आहे, आणि रोज लाखो माणसं तिथून लोकल पकडतात.

झाडांचा पाला कोण झाडणार, पारावर दारुडे बसतात, असेही आक्षेप असतात. पाला रोज झाडावाच लागतो आणि दारुड्यांसाठी पोलीस आहेत. त्यासाठी पार पाडायचा नसतो.

आमच्या गावच्या स्टेशनचं काम आता निघणार असं कळल्यावर मी एक अर्ज लिहायला घेतला. कडुनिंब तोडावाच लागला तर त्याच्या बदल्यात फलाटाच्या पश्चिम बाजूला पाच झाडं, कारण दुपारचं ऊन तिकडून येतं. शेड पूर्ण फलाटभर. नळ सावलीत. बायकांच्या स्वच्छतागृहाला आतून लागणारी कडी. गावाकडून येणारी पायवाट कुंपण घालून बंद करू नये, नाहीतर म्हाताऱ्यांना एक किलोमीटरचा वळसा पडेल. आणि शेवटी लिहिलं होतं, की फाटकाजवळचा जुना दगडी कठडा देखणा आहे, त्यावर वेल चढलेली आहे, तो शक्य असल्यास जपावा.

सह्यांसाठी मी सकाळच्या गाडीला गेले. मेथीवाल्या मावशींना अर्ज वाचून दाखवला. त्या माझ्या कॉलेजच्या दिवसांपासून त्याच गाडीला येतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बाई, ते येल-बील राहू दे. त्यो कठडा ठेवाच म्हणावं. डोईवरची पाटी माझी मला एकटीला उतरिवता येती तिथं. दुसरीकडं कुनीतरी हात लावाय लागतंय.”

तीस वर्षं मी त्या कठड्याजवळून जात होते. तिचं डोकं, पाटी आणि कठड्याची वरची कड एका रेषेत येतात हे मी कधी पाहिलं नव्हतं. तिनं मला करून दाखवलं: पाठ वळवली, गुडघ्यात किंचित वाकली, आणि पाटी अलगद दगडावर सरकवली. घरून टेप आणून मी उंची मोजली. साडेचार फूट. अर्जातलं वेलीचं वाक्य खोडून तिथं ती उंची लिहिली, आणि मग मावशींनी खाली सावकाश, एकेक अक्षर जोडत, आपली सही केली.